झाडांची ओळख (लेखांक ६) : आपटा की कांचन?

खंडेनवमीला शेंद्रा एमआयडीसीत यंत्रे पुसूनपासून लख्ख होतात, लेथवर आणि प्रेसवर झेंडूच्या माळा चढतात. दुसऱ्या दिवशी दसरा. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात सोन्याचे ढीग लागतात, दहा-वीस रुपयांना जुडी मिळते आणि संध्याकाळी ती पाने हातोहात वाटली जातात. या ढिगांतली सगळीच पाने आपट्याची नसतात. कितीतरी जुड्या कांचनाच्या असतात.

घोळ होण्याचे कारण सरळ आहे. आपटा आणि कांचन एकाच घराण्यातले. दोघांचेही पान टोकाकडून मध्यावर दुभंगलेले, गाईच्या खुराच्या ठशासारखे. त्यात आपटा रानातला. गौताळ्यासारख्या कोरड्या पानगळीच्या जंगलात, डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत तो वाढतो. कांचन मात्र शोभेचे झाड म्हणून बागेत, वसाहतीत, रस्त्याच्या कडेला मुद्दाम लावलेला, त्यामुळे हाताशी सापडतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री फांदी हवी असलेला माणूस डोंगरावर जात नाही.

आता पान हातात घ्यावे. आपट्याचे पान लहान, जेमतेम दोन ते पाच सेंटिमीटर लांब, आणि लांबीपेक्षा रुंदी बहुधा अधिक. बोटांत धरले की जाड, चिवट, थोडे खरखरीत लागते. उलटे केले की खालची बाजू राखाडी दिसते आणि तिच्यावर बारीक लव असते. देठाशी बोट ठेवून शिरा मोजाव्यात : सात ते नऊ भरतात. कांचनाचे पूर्ण वाढलेले पान तळहाताएवढे, पातळ, मऊ आणि हिरवेगार. शिरा साधारण नऊपासून पुढे, कधी पंधरापर्यंत. चीर किती खोल आहे यावर मात्र विसंबू नये. ती आपट्यात निम्म्यापर्यंत जाते, तशी कांचनाच्या काही जातींतही जाते. आणि कांचनाची कोवळी फूट लहानच असते. बाजारात हीच कोवळी पाने आपटा म्हणून सहज खपतात, म्हणून केवळ आकार पाहून निकाल देणे धोक्याचे.

अशा वेळी खोडाकडे जावे. जपानमध्ये मेपलच्या शेकडो लागवडी जाती आहेत आणि तिथले माळी पानाइतकेच सालीकडेही पाहतात. ‘सांगो-काकू’ या जातीच्या कोवळ्या फांद्या हिवाळ्यात पाने गळल्यावर पोवळ्यासारख्या लाल होतात, तेव्हा तिच्या ओळखीला पान लागतच नाही. आपट्याचेही असेच आहे. त्याचे खोड वाकडेतिकडे, फांद्या खाली झुकलेल्या, साल काळपट, खडबडीत, उभ्या भेगांनी भरलेली. आतली साल गुलाबी-तांबूस आणि धाग्यांची. तिचे दोर वळत असत. ती पाहण्यासाठी कोयता चालवायची मात्र गरज नाही, वरची काळी भेगाळ साल पुरेशी बोलकी आहे. कांचनाचे खोड राखी, तरुणपणी बरेचसे गुळगुळीत, वय झाल्यावर थोडेफार भेगाळणारे. काळ्या आणि राखी सालीतला हा फरक दहा पावलांवरूनही कळतो. कांचनाच्या सालीला आयुर्वेदात मोठे स्थान आहे, कांचनार गुग्गुळ तिच्यापासूनच होतो; त्यामुळे वैद्यालाही ही ओळख अचूक लागते.

शेंगाही साक्ष देतात. आपट्याची शेंग जाड, विळ्यासारखी वाकलेली. पिकून काळी पडते, तरी तडकत नाही आणि पुष्कळ दिवस झाडावर लोंबत राहते. कांचनाची शेंग चपटी, सरळ. वाळली की फटकन उकलते, दोन्ही फाके पिळवटतात आणि बिया दूर उडतात.

फुलांची गोष्ट जास्त महत्त्वाची. आपटा उन्हाळ्याच्या सुमाराला फुलतो, फुले बारीक आणि फिकट पिवळसर. दसऱ्याला त्याच्यावर बहर नसतो. पण कांचनाची जांभळ्या फुलांची जात, बॉहिनिया पर्प्युरिया, फुलते तीच सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान. म्हणजे सोने म्हणून आपण ओरबाडतो ती फांदी ऐन कळीवर आलेली असते. मधमाश्यांच्या आणि शिंजिरांच्या तोंडचा घास जातो. फुलणाऱ्या झाडाचा असा शेंडा मोडणे हा निव्वळ नाश आहे. परंपरेचे नाव घेऊनही त्याचे समर्थन होत नाही.

मग खरा आपटा ओळखून तोच तोडावा का? तेही नको. रानातला आपटा मुळात संथ वाढतो आणि दर वर्षी त्याच झाडावर कोयता पडला तर ते खुरटून जाते. प्रा. वि. ना. नाईक यांनी 1998 साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नोंदलेल्या या प्रदेशाच्या झाडोऱ्यातले आपट्यासारखे काटक झाड कारखान्यांच्या मोकळ्या आवारात लावायला किती सोयीचे! मुरूम चालतो, पाणी कमी लागते, उंची बेताची राहते. बी कठीण कवचाचे असल्याने गरम पाण्यात घालून रात्रभर भिजू द्यावे आणि पावसाळ्याआधी पिशवीत लावावे. या दसऱ्याला एक-दोन पाने पुरेत. जुडीच्या पैशांत रोपवाटिकेतून आपट्याचे रोप मिळते का, ते जरूर विचारावे.

पुढील आठवड्यात : शमी आणि वेडी बाभूळ यांतला फरक.