मालवणचा रुग्ण, गोव्याचे रुग्णालय. उपचाराचा हक्क राज्याच्या सीमेवर संपतो का?

मोठा अपघात, मेंदूतला रक्तस्राव किंवा गुंतागुंतीची शस्त्रक्रिया असली, की मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीतल्या अनेक कुटुंबांच्या तोंडी पहिले नाव येते ते बांबोळीच्या 'गोमेकॉ'चे, म्हणजेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाचे. मालवणहून ते शंभर किलोमीटरहून दूर आहे. पण कोल्हापूर गाठायचे तर रुग्णाला घेऊन घाट चढावा लागतो.

जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोमेकॉत परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू केले. त्याच वर्षी दोडामार्गात आंदोलन झाले. रुग्णालय गोव्याच्या करदात्यांच्या पैशांवर चालते, असे गोव्याचे म्हणणे. आजारी माणसाने जायचे कुठे, हा सिंधुदुर्गवासीयांचा सवाल. यात बरोबर कोण?

वैद्यकीय नीतिशास्त्र काय सांगते?

टॉम बोशॉम्प आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वे आज जगभर शिकवली जातात: रुग्णाच्या निर्णयाचा आदर, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय. पहिली तीन प्रामुख्याने डॉक्टर आणि समोरचा रुग्ण यांच्यातली आहेत. तिथे रुग्णाचा पत्ता गौण ठरतो. चौथे तत्त्व वाटपाचे आहे. खाटा मोजक्या आणि रुग्ण जास्त असतील, तर त्या कोणाला आणि कोणत्या निकषावर द्यायच्या? गोमेकॉचा वाद या चौथ्या तत्त्वाचा आहे.

हक्क मागायचा कोणाकडे?

हक्कांचे ढोबळ दोन प्रकार मानले जातात. संमतीशिवाय शस्त्रक्रिया होऊ नये, या हक्कासाठी इतरांनी फक्त हात आवरायचे असतात. उपचार मिळावेत, या हक्कासाठी मात्र कोणीतरी डॉक्टर, औषधे आणि पैसा पुरवावा लागतो. तो 'कोणीतरी' ठरलेला नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

राज्यघटनेत 'सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये' हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे मालवणच्या रुग्णाची पहिली जबाबदारी महाराष्ट्राची ठरते.

न्यायालयांची भूमिका काय?

परमानंद कटारा प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार नंतर. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका जखमीला अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणात न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, की तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण ही सबब सरकारला चालणार नाही.

दिल्लीतील जीटीबी रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रद्द केला. मात्र तिथे खाटा राखीव होत्या, गोव्यात शुल्काचा प्रश्न आहे. त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

सिंधुदुर्गासाठी अर्थ काय?

तातडीच्या वेळी पत्ता किंवा आगाऊ पैसे यांवरून उपचार अडवता येत नाहीत. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत मात्र प्रश्न खर्चाचा उरतो, आणि तो महाराष्ट्राने उचलावा ही मागणी नीतिशास्त्राच्या कसोटीवरही टिकते. महात्मा फुले जनआरोग्य योजना गोमेकॉशी जोडण्याचा पर्याय त्यातूनच पुढे आला. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण रुग्णाला जागा पुरत नाही. तिथे रात्री दोन वाजताही तज्ज्ञ डॉक्टर हजर असावा लागतो.

हे लक्षात ठेवा

- निघताना संदर्भपत्र, रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत घ्या.
- कोणत्या योजनेतून कोणता उपचार मिळेल, हे दाखल होतानाच विचारा.
- उपचारांच्या नोंदी मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.