पाच शब्द, पंचवीस अक्षरं आणि परार्धाच्या घरातल्या शक्यता

इंग्रजीत अक्षरं अवघी २६. बालवाडीतल्या मुलालाही ती तोंडपाठ असतात. पण त्यातली कोणतीही १२ अक्षरं एकापुढे एक मांडायची म्हटलं, एकच अक्षर पुन्हा आलं तरी चालेल असं धरलं, तर किती मांडण्या होतात? उत्तर आहे ९५,४२,८९,५६,६६,१६,८२,१७६. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दहाच्या पटींची जी नावं दिली आहेत ती परार्धावर, म्हणजे एकावर १७ शून्यांवर, थांबतात. आपला आकडा त्या परार्धाच्या जेमतेम खाली आहे. दर सेकंदाला एक मांडणी वाचत बसलं तर सगळ्या वाचून संपायला ३०२ कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५४ कोटी वर्षं.

आता या ढिगात खरे शब्द किती, ते पाहा. अमेरिकेत १९३४ साली ‘वेबस्टर’च्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातल्या शब्दांची यादी पुढे संगणकांत आली आणि शब्दकोडी सोडवणारे ती आजही वापरतात. यादीत २,३४,९३६ शब्द आहेत. हे सगळेच्या सगळे १२ अक्षरी आहेत असं उदारपणे मानलं, तरी एकेका खऱ्या शब्दामागे ४० हजार कोटींहून जास्त निरर्थक मांडण्या उरतात. भाषा इतकी विरळ वस्ती करून राहते! म्हणूनच ‘ही ही अक्षरं असलेला लांबलचक शब्द शोधा’ हे कोडं ऐकायला सोपं आणि सोडवायला अवघड असतं.

त्यात कोशाची मदतही अर्धवटच. कोश वर्णानुक्रमाने लावलेला असतो, त्यामुळे पहिलं अक्षर ठाऊक असेल तरच तो पटकन हाताशी येतो. आपल्याला हवी असलेली अक्षरं शब्दाच्या पोटात कुठेतरी विखुरलेली असतात. संगणक येण्याआधीच्या शब्दवेड्यांनी हे काम पानामागून पान उलटत, नुसत्या डोळ्यांनी केलं. अमेरिकेतल्या दिमित्री बोर्गमन यांचं ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक १९६५ साली आलं आणि १९६८ मध्ये ‘वर्ड वेज’ हे फक्त शब्दांच्या करामतींना वाहिलेलं नियतकालिक सुरू झालं. त्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

अशा शोधांतून हाती लागलेली रत्नं बघण्यासारखी आहेत. ‘सबकॉन्टिनेंटल’ हा भारतीय उपखंडाच्या संदर्भात आपण नेहमी वाचतो तो शब्द. त्यात पाचही इंग्रजी स्वर येतात, प्रत्येक एकदाच, आणि तेही बरोबर उलट्या क्रमाने: यू, ओ, आय, ई, ए. ‘अनकॉपीराइटेबल’ या शब्दात १५ अक्षरं आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा येत नाही. त्वचेवरच्या रेषांच्या अभ्यासाला ‘डर्मॅटोग्लायफिक्स’ म्हणतात. तोही १५ अक्षरी आणि तोही पुनरावृत्तीविना. त्याच घराण्यातला ‘सबडर्मॅटोग्लायफिक’ १७ अक्षरांपर्यंत पोचतो, सगळी वेगवेगळी.

आणि इंग्रजी कोशांतला तो प्रसिद्ध लांबलचक शब्द? ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. बारीक सिलिका धुळीमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजाराचं हे नाव १९३५ साली एव्हरेट स्मिथ यांनी घडवलं. ते तेव्हा अमेरिकेतल्या ‘नॅशनल पझलर्स लीग’चे अध्यक्ष होते, म्हणजे शब्द जन्मला तो कोड्यांच्या घरातच. त्यात ४५ अक्षरं आहेत. पण एकेक अक्षर सुटं करून मोजलं की वेगळंच चित्र दिसतं. ओ हे अक्षर ९ वेळा, सी ६ वेळा, आय ६ वेळा. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं ई मात्र फक्त एकदा! वेगवेगळी अक्षरं भरतात एकूण १४. म्हणजे १५ अक्षरी ‘अनकॉपीराइटेबल’मध्ये या ४५ अक्षरी महाकाय शब्दापेक्षा एक अक्षर जास्तच आहे. शब्दाची लांबी आणि त्यातली अक्षरसंपत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शोधणाऱ्याच्या कामाची आहे ती दुसरी.

संगणकावर शब्द शोधणारे नेमकं हेच हेरतात. ‘या शब्दात अमुक अक्षरं आहेत का?’ या प्रश्नाला अक्षरांचा क्रम लागत नाही आणि ती किती वेळा आली याचीही गरज नसते. मग ते टाकूनच द्यायचं. २६ बटणांचा स्विचबोर्ड डोळ्यांसमोर आणा. शब्दात अक्षर असेल तर त्याचं बटण चालू, नसेल तर बंद. ए चालू असेल तर १, बी असेल तर २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, असं दुप्पट करत गेलं की झेडची किंमत होते ३,३५,५४,४३२. चेहऱ्यासाठीचा ‘फेस’ हा शब्द घ्या. एफ, ए, सी, ई मिळून ३२ + १ + ४ + १६, म्हणजे ५३. आता ‘ए आणि ई दोन्ही असलेले शब्द द्या’ म्हटलं, तर ए आणि ईचे मिळून १७. संगणक ५३ आणि १७ शेजारी ठेवतो आणि एकाच क्रियेत सांगतो, हो, आहेत.

याचा परिणाम केवढा? बटणांच्या सगळ्या शक्य अवस्था होतात ६,७१,०८,८६४. बस्स. शब्द १२ अक्षरी असो, १७ असो वा ४५, त्याची ओळख या पावणेसात कोटींच्या आत बसतेच. नको ती माहिती सोडून दिल्याबरोबर परार्धाचे कोटी झाले.

या युक्तीची खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. ‘वर्डल’ या पाच अक्षरी शब्दांच्या खेळाने तेव्हा जगाला वेड लावलं होतं. गणिताची गोडी लावणारे मॅट पार्कर यांच्यासमोर प्रश्न होता: पाच अक्षरांचे असे पाच शब्द सापडतील का, की एकही अक्षर पुन्हा न येता २५ वेगवेगळी अक्षरं वापरली जातील? अक्षर दोनदा येणारे शब्द गाळून आणि अक्षरं तीच पण क्रम वेगळा अशांपैकी एकेकच ठेवून त्यांच्या यादीत ५,९७७ शब्द उरले. त्यातून पाच-पाच शब्दांचे गट होतात ६३,००० लाख कोटींहून जास्त. पुन्हा परार्धाच्याच घरात! त्यांनी लिहिलेला प्रोग्राम जवळजवळ ३२ दिवस चालला. उत्तरं मिळाली ५३८. त्यातलं एक असं: फिऑर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ. ही अक्षरं मोजून पाहा, फक्त क्यू शिल्लक राहतो.

पार्कर यांनी आपली रीत जगासमोर मांडली आणि लोक कामाला लागले. बेंजामिन पासेन यांनी प्रत्येक शब्द हा एक बिंदू मानला, ज्या दोन शब्दांत एकही अक्षर सामाईक नाही ते बिंदू रेषेने जोडले आणि महिन्याचं काम मिनिटांवर आणलं. इतरांनी बटणांची युक्ती वापरली आणि तिला आणखी एक जोड दिली: सुरुवात सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून करायची. २६ पैकी एकच अक्षर सोडायची मुभा आहे. मग आधी क्यू पकडायचा. क्यूचे शब्द मोजकेच, ते तपासायचे. क्यू सोडून द्यायचा ठरवला, तर बाकीची सगळी अक्षरं सक्तीची होतात आणि पुढची वाट आपोआप अरुंद होत जाते. लाख-लाख फांद्या फुटण्याआधीच खुडल्या जातात. अखेर ३२ दिवसांचं काम सुमारे ६.७ मिलिसेकंदांत होऊ लागलं. पार्कर यांनीच जाहीर केलेली सुधारणा होती ४०,८३,२२,७७,७७० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी ८३ लाख पट.

हा आकडा पुन्हा एकदा वाचा. जुन्याच रीतीसाठी शंभर पट वेगवान संगणक विकत आणला असता, तरी साडेसात तासांहून जास्त वेळ लागला असता. एवढी मजल मारली ती प्रश्नाकडे नीट पाहणाऱ्या माणसांनी. कशाची गरज नाही हे त्यांनी आधी ठरवलं आणि जे सर्वांत दुर्मीळ, तिथून सुरुवात केली.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाबाळांबरोबर इंग्रजी शब्दांचं कोडं सोडवायला बसाल, तेव्हा ई आणि एच्या मागे धावू नका. क्यू, जे, झेड, एक्स यांपैकी कोण हजर आहे ते आधी बघा आणि मुलांनाही तीच सवय लावा. परार्धातून वाट काढायला ती पुरेशी आहे.