पगडीला हवी आपली पिशवी

लग्नाला निघताना साड्या बॅगेत बसतात, दागिने पर्समध्ये जातात, चिवड्याचा डबा पिशवीत राहतो. पगडी मात्र कशातच बसत नाही. आमच्या घरी प्रत्येक प्रवासाच्या आदल्या रात्री एकच प्रश्न निघायचा, "पगडी कुणाच्या मांडीवर?" आणि सगळे एकमेकांकडे बघायचे.

ही पगडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांच्या वडिलांनी वापरलेली, लाल, पुणेरी. चार वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आम्ही नागपूरला निघालो, तेव्हा घाईत ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि वरच्या बर्थवर ठेवली. रात्री कुणीतरी तिच्यावर अंथरुणाची गुंडाळी टाकली. कुणी टाकली हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. सकाळी पाहिलं तर पुढचा कोका एका बाजूला बसला होता आणि माथ्याला खळगा पडला होता. अण्णा काही बोलले नाहीत. लग्नात ते काळी टोपी घालून बसले.

पुण्यात पगडी बांधणाऱ्या कारागिराने (जुन्या भाषेत पगडबंद) ती बरीचशी सावरून दिली. पण पुन्हा दबली तर माझ्या हातून काही होणार नाही, असंही बजावलं. तेव्हापासून अण्णांचा प्रवासात पगडी नेण्यातला जीवच गेला. गेल्या हिवाळ्यात जयपूरला नात्यातलं लग्न निघालं, तेव्हा "अण्णा, पगडी घ्यायचीच" असा सगळ्यांनी हट्ट धरला. जाताना ती माझ्या मांडीवर बसून गेली. पाय पार आखडले! लग्न लागल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "झालं हे शेवटचं. आता ही एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू. काचेत तरी नीट राहील."

हे ऐकायला माझी पुतणी तिथे होती. ती जयपूरलाच शिकते.

झालाना हा जयपूरच्या आग्नेयेचा भाग. एका बाजूला अरवलीच्या टेकड्या आणि बिबळ्यांसाठी नावाजलेलं झालानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला सरकारी कचेऱ्या आणि संस्थांच्या इमारती. शहराला इतकं लागून असलेल्या जंगलात बिबळे दिसतात याचं आम्हा पुणेकरांना फार कौतुक. इथल्या संस्थांपैकी एक म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन. राजस्थान सरकारने ती 1995 साली सुरू केली. 2007 पासून तिचा कारभार खासगी भागीदारीतून चालतो. हस्तकला आणि आजची गरज यांची सांगड कशी घालायची, हे इथे शिकवतात. कापड, कागद, लाकूड, धातू, माती अशा वस्तूंवर मुलं हाताने काम करतात. आमची पुतणी त्यांतलीच एक.

"काकू," ती मला म्हणाली, "आजोबांच्या पगडीला तुम्ही गाठोडं देता. तिला पिशवी द्या ना! तिच्या मापाची."

## डोक्यावरचं सगळंच बॅगेत मावत नाही

डोक्यावर घालायच्या वस्तूंचे दोन वर्ग आहेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. एक घडी होणाऱ्या, दुसऱ्या न होणाऱ्या. गांधी टोपी घडी करून खिशात जाते. फेटा आणि राजस्थानी साफा म्हणजे मुळात लांबच लांब कापड. डोक्यावर बांधायचं, कार्य झालं की उलगडून घडी घालायची. जयपूरच्या लग्नात वऱ्हाडातल्या पुरुषांच्या डोक्यावर नऊ-नऊ मीटरचे साफे भराभर बांधले जात होते. अण्णा ते बघत म्हणाले, "यांचं बरं आहे. सोडला की झाला रुमाल."

पुणेरी पगडीचं तसं नाही. लोकमान्य टिळकांच्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या छायाचित्रांत आपण जी पाहतो ती पगडी डोक्यावर बांधलेली नसते; कारागिराने साच्यावर बांधून, आकार कायम करून दिलेली असते. 2009 मध्ये या पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण कायदा काही तिला रेल्वेत सांभाळत नाही. साहेबाच्या हॅटचंही दुखणं हेच. विलायतेत आणि अमेरिकेत हॅटसाठी खास डबे असत. एकोणिसाव्या शतकातले, भिंतीवर लावायच्या नक्षीदार कागदाने मढवलेले असे डबे तिकडच्या संग्रहालयांत जपलेले आहेत. डबा उत्तमच. पण रिकामा झाल्यावर तो ठेवायचा कुठे? आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात कपाटावरची जागा आधीच भरलेली असते. म्हणून घडी होणारी पिशवी.

पिशवी कागदाचीच का? कापड मऊ असतं, ते पगडीवर लोळतं. प्लॅस्टिकचा अनुभव घेऊन झाला होता. शिवाय राजस्थानात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर 2010 च्या ऑगस्टपासून बंदी आहे, महाराष्ट्रात 2018 पासून. (बंदी आहे म्हणजे पिशव्या दिसत नाहीत असं नव्हे; मंडईत जाणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको.) कागद ताठ उभा राहतो, चारही बाजूंनी भिंत धरतो आणि तरी घडी होतो. मात्र कागद आहे म्हणून तो आपोआप गुणी ठरत नाही. एकदा वापरून फेकलेली कागदी पिशवीही उधळपट्टीच. आम्हाला वर्षानुवर्षं टिकणारी हवी होती.

## चिंध्यांचा कागद

त्यासाठी पुतणी आम्हाला सांगानेरला घेऊन गेली. जयपूरच्या दक्षिणेचं हे गाव ठशांच्या छपाईसाठी सगळ्यांना माहीत असतं; हातकागदाचंही ते मोठं केंद्र आहे. इथली कागजी घराणी पिढ्यानपिढ्या हेच काम करतात. गांधीजींचे सहकारी, अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्थाही इथेच आहे. कुमारप्पांचं नाव वाचून अण्णांचा चेहरा खुलला. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, त्यात हातकागदही होता. पुण्यातही 1940 पासून हातकागदाची संस्था आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरला जात होता. तेव्हा कागदाच्या बाबतीत आपण काही परके नव्हतो!

इथला कागद झाडापासून होत नाही, चिंध्यांपासून होतो. बनियनच्या आणि शिलाईच्या कारखान्यांतली सुती कात्रणं बारीक कापतात, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदात ढवळून जाळीच्या चौकटीवर उचलतात, पाणी गळून गेलं की ओला ताव कापडावर उलटवतात, दाबयंत्रात दाबून वाळवतात आणि शेवटी रुळांमधून काढून गुळगुळीत करतात. सुती धागा लांब आणि चिवट असल्याने हा कागद पुन:पुन्हा मोडला तरी घडीवर सहजी फाटत नाही. यंत्राच्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात, म्हणून तो एकीकडे सरळ मुडपतो आणि दुसरीकडे चरचरतो. हातकागदात हा भेद फार कमी. पिशवीला दोन्हीकडून घड्या घालायच्या असतात, तेव्हा याचं महत्त्व कळतं.

हातकागदाचा नेहमीचा ताव 22 बाय 30 इंचांचा, म्हणजे साधारण 56 बाय 76 सेंटिमीटर. आम्ही दोनशे ग्रॅम वजनाचे, विटकरी रंगाचे सहा ताव घेतले. दोन लागणार होते. चार चुकांसाठी, असं पुतणी म्हणाली. पोरगी व्यवहारी आहे.

## दोन फसलेल्या पिशव्या

पहिली पिशवी म्हणजे वाण्याच्या पुडीची मोठी बहीण झाली. चाळींतून बायका रद्दीच्या कागदाच्या पिशव्या चिकटवायच्या तशी, तळाला नुसती दुमडलेली. तिला सपाट बूडच नव्हतं. पगडीच्या मापाचं पातेलं पंचात गुंडाळून आत ठेवलं (खऱ्या पगडीवर प्रयोग करायची कुणाची छाती नव्हती), तर ते कलंडून कोपऱ्यात जाऊन बसलं.

पिशवीला सपाट तळ देणं ही साधी गोष्ट वाटते, पण मार्गारेट नाइट या अमेरिकन कामगार स्त्रीने असा तळ घडवणारं यंत्र तयार केलं, तेव्हा एका गृहस्थाने ते आपल्याच नावावर करायचा घाट घातला होता. बाईंना यंत्रातलं काय कळणार, असा त्याचा युक्तिवाद होता. बाईंनी आपली रेखाटनं आणि नमुने पुढे ठेवून दावा जिंकला आणि 1871 मध्ये पेटंट मिळवलं. वाण्याकडची चौकोनी बुडाची पिशवी हातात घेताना मला आता ही बाई आठवते.

दुसऱ्या पिशवीला तळ छान जमला. पण दोन्ही बंद एकत्र धरून उचलली, की तोंड आवळलं जाई आणि आखूड बाजूंच्या मधल्या घड्या आत शिरून थेट पातेल्यावर दाबत. म्हणजे अंथरुणाच्या गुंडाळीऐवजी पिशवीच पगडी दाबणार!

पुतणी डोक्याला हात लावून बसली होती. इतका वेळ खुर्चीत बसून नुसतं बघणारे अण्णा तेव्हा म्हणाले, "अगं, वाड्याच्या दाराला अडसर असायचा. तसा एक घाल की आडवा."

बस्स. तिसरी पिशवी अडसराची.

## माप आणि कृती

आमची पगडी 28 सेंटिमीटर लांब, 24 रुंद आणि 16 उंच आहे. आतली खोली 10. तुमच्या पगडीची किंवा हॅटची मापं अशीच घ्या. लांबी-रुंदीत प्रत्येकी 3 सेंटिमीटर मोकळीक मिळवली की तळ मिळतो. आमचा 31 बाय 27 आला.

प्रत्येक तावातून आधी 15 सेंटिमीटरची एक उभी पट्टी कापून बाजूला ठेवा. उरलेल्या 61 सेंटिमीटरमध्ये एक लांब बाजू (31), एक आखूड बाजू (27) आणि चिकटवायला 3 असा हिशेब बरोबर बसतो. असे दोन ताव जोडले की चार भिंती झाल्या. उंचीत वरची मुडपण 4, भिंत 24 आणि तळासाठी साडेसोळा, म्हणजे आखूड बाजूच्या निम्मे साडेतेरा अधिक 3. एकूण साडेचव्वेचाळीस. आखूड बाजूंच्या मधोमध उभी घडी घाला, म्हणजे पिशवी मिटेल. प्रत्येक घडी आधी चमच्याच्या पाठीने दाबून दोन्हीकडे मोडून घ्या. चिकटवायला खळ उत्तम. वाळायला रात्र द्या, घाई करू नका. वरच्या मुडपणीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घाला, पण आखूड बाजूंना मधल्या घडीवर त्या तोडा, नाहीतर पिशवी मिटणार नाही.

आता त्या बाजूला ठेवलेल्या दोन पट्ट्या. त्या एकावर एक चिकटवून 53 सेंटिमीटर घेराचं कडं करा. खालच्या 3 सेंटिमीटरमध्ये चार जिभा ठेवून बाकीचं कापून टाका. तळात सुटा घालायच्या पुठ्ठ्याला चार खाचा द्या आणि जिभा त्यांत अडकवा. 12 सेंटिमीटर उंचीच्या या कड्यावर पगडी डोक्यावर बसावी तशी बसते. खालची कड तळापासून 2 सेंटिमीटर अधांतरी राहते. सगळ्या पिशवीतला कळीचा भाग हाच. पगडी असो वा कडेची हॅट, तिचा भार कडेवर येता कामा नये.

दोरी कागदाला नुसती अडकवू नका. अडीच मीटर सुती दोरी दाभणाने पाडलेल्या भोकांतून ओवून तळाखालून फिरवा, मिठाईच्या खोक्याला बांधतात तशी. भार दोरी उचलते, कागद फक्त आकार सांभाळतो. आणि शेवटी अडसर: दुहेरी पुठ्ठ्याची 27 सेंटिमीटरची पट्टी, जिची टोकं लांब बाजूंच्या मुडपणीखालच्या खाचांत बसतात. पगडी ठेवायची, अडसर घालायचा, मग उचलायची. तोंड आवळत नाही आणि घड्याही आत येत नाहीत.

रुंद कडेच्या उन्हाळी हॅटला हा ताव पुरत नाही. तिच्यासाठी गुंडाळीतला जाड खाकी कागद घ्या. आणि पावसाळ्यात या पिशवीचा भरवसा धरू नका. बाहेरून मेणबत्ती घासली तर चार थेंब निभावतात, सर नाही.

परतीच्या गाडीत पिशवी माझ्या शेजारी खिडकीशी उभी होती. रात्री अण्णा दोनदा उठले. पहिल्यांदा मला वाटलं पाणी हवं असेल. ते वाकून अडसर जागेवर आहे का बघत होते. पुण्यात उतरल्यावर त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नाही.

आता ती पिशवी मिटून, कडं चेपून, पुठ्ठ्यासकट माझ्या साड्यांच्या कपाटात उभी असते. जागा घेते एका मासिकाएवढी. संग्रहालयाचा विषय पुन्हा निघालेला नाही. येत्या वैशाखात नाशिकला मुंज आहे. परवा अण्णांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दोरी बदलायला हवी का गं? एकदा बघून ठेव."