सियागंजातील सोबती

आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘परदेश’ फार दूर नसे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसास महाराष्ट्रात सर्रास ‘परदेशी’ म्हणत आणि पुढे कित्येक कुटुंबांचे ते आडनावच होऊन बसले. आज आपल्या घरांतील मुले आखातात आणि कॅनडात नोकरीस जातात, त्यामुळे परदेश म्हटला की विमान डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या मुलखाची वाट, बोली आणि रीत आपणांस ठाऊक नाही तो प्रत्येक मुलूख आपल्या दृष्टीने परदेशच होय, मग तो एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतका जवळ का असेना. अशा ठिकाणी तेथीलच एखादा माणूस सोबतीस लाभला म्हणजे काय घडते, हे आम्हांस इंदूरच्या सियागंज बाजारात पाहावयास मिळाले.

इंदूरला आम्ही गेलो ते यात्रेकरू म्हणून. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया यांची कबर आहे. केरळात जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी त्या भागातील गरीब आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी झटत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सुऱ्याचे वार करून तिची हत्या करण्यात आली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी ख्रिस्तसभेने इंदूर येथेच तिला धन्यवादित म्हणून घोषित केले. तिच्या सख्ख्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी आहे, 2002 साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली, ही हकिकत आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी आली असेलच. त्या कबरीपाशी प्रार्थना करून आम्ही इंदूरला परतलो तेव्हा गाडीस अवकाश होता आणि एक अख्खा दिवस हाती होता.

तो दिवस आमच्या स्नेह्यांनी आपल्या ताब्यात घेतला. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, धर्माने हिंदू आणि जन्माने इंदूरचे. त्यांचे घराणे होळकरांच्या चाकरीत दक्षिणेतून तिकडे गेले आणि तेथेच रुजले. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. “फादर, आपण थकून गेले काय? आधी पोहे खाऊन घ्या, मग निघू,” असे त्यांचे बोलणे. पोह्यांवर शेव आणि सोबत गरम जिलेबी ही न्याहारी इंदूरकरास शास्त्रवचनाइतकी पक्की असते. आम्हांस प्रथम ती जोडी विजोड वाटली. दुसऱ्या बशीनंतर तसे वाटेनासे झाले.

रेल्वे स्थानकाजवळच सरवटे बसस्थानक आहे. विनायक सीताराम सरवटे हे इंदूरचे मराठी पुढारी भारताच्या संविधान सभेचे सदस्य होते. त्यांचे नाव त्या स्थानकास आहे. आम्ही एकटे असतो तर ती पाटी वाचून पुढे गेलो असतो. स्नेही मात्र तेथे थांबले आणि एकेका पिढीची हकिकत सांगू लागले, तेव्हा त्या गजबजाटात आपल्या भाषेची माणसे कुठे कुठे दडलेली आहेत हे आम्हांस दिसू लागले.

तेथून पायी सियागंज गाठले. हा इंदूरचा किराणा मालाचा ठोक बाजार. हळद, साबुदाणा, साखर, सुके खोबरे, मसाले आणि सुका मेवा यांची पोती एकावर एक रचलेली, अरुंद रस्त्यात हातगाड्या व टेंपो एकमेकांत अडकलेले, पाठीवर पोते घेतलेल्या हमालाची आरोळी आली की ज्याने त्याने भिंतीशी चिकटून उभे राहावयाचे. इंदूर हे 2017 पासून सलग कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले, त्याची साक्ष याही गर्दीत मिळते. केळीचे साल कोठे टाकावे हे आमच्या स्नेह्यांनी आम्हांस दोनदा सांगितले!

एका पेढीवर नारळांची पोती होती. नारळ म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाचे पाऊल थांबावयाचेच. तेथे नारळाचा भाव ‘भरती’वर बोलतात. पोत्यात 120 मावले तर 120 भरती, 250 मावले तर 250 भरती. म्हणजे आकडा जितका लहान तितका नारळ मोठा. समुद्रापासून इतक्या दूर, जेथे माडाचे झाड दृष्टीस पडणे कठीण, तेथील माणसांनी आपल्या नारळासाठी स्वतःची अशी भाषा घडविली आहे, याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

पुढच्या पेढीवर आम्ही घरासाठी थोडी हळद मागितली. मुनीमजींनी मान वर न करता सांगितले की येथे सुटा माल मिळत नाही. ते त्यांच्या रीतीस धरूनच होते. आमचे स्नेही दोन पावले पुढे झाले आणि एवढेच म्हणाले, “ये अपने घर के आदमी हैं.” मुनीमजींनी मान वर केली. बसावयास गादी मिळाली, चहा आला, आणि हळद तर मिळालीच. शिवाय चांगली हळकुंडे मोडून आतला रंग कसा पाहावा याचा धडाही मिळाला.

पवित्र शास्त्रातील तोबियाची कथा आपण जाणता. आंधळ्या तोबिताने मेदिया देशात गबाएलाकडे ठेवलेली दहा तालांत चांदी आणावयास मुलगा निघाला, पण त्यास वाट ठाऊक नव्हती. वाट जाणणारा विश्वासू माणूस आधी शोध, असे बापाने त्यास बजावले, आणि दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरवून जो सोबती आला तो राफाएल देवदूत निघाला. आम्हांस या कथेतील एक गोष्ट नेहमी मोलाची वाटत आली आहे: गबाएलाचे घर त्या सोबत्याच्या ओळखीचे होते. रस्ता तर आजकाल हातातला मोबाइलही दाखवितो. परंतु “हा आमच्या घरचा” असे म्हणून आपली पत दुसऱ्याच्या पदरात घालणे त्या यंत्रास साधत नाही. सियागंजातल्या त्या पेढीवर आमच्या स्नेह्यांनी आम्हांस उसनी दिली ती आपली तीन पिढ्यांची पत.

वाटेत आम्ही त्यांना थट्टेने म्हटले की वसईच्या ख्रिस्ती माणसाला होळकरांच्या शहरात इतका मान मिळेल असे वाटले नव्हते. 1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांपासून वसईचा किल्ला घेतला त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते, हे त्यांनाही ठाऊक होते. “म्हणजे आपली ओळख जुनी आहे, फादर,” ते हसून म्हणाले, “फक्त ती तोफांनी झाली.”

वसई हे नाव ऐकून पोते उतरविणारा एक हमाल वळून पाहू लागला. तो झाबुव्याकडचा भिल्ल. आमच्या स्नेह्यांनी त्यास “क्यों भिया?” म्हणून हाक दिली. इंदुरात ‘भिया’ हा सर्वांनाच लागू आहे. शेठ, रिक्षावाला, विद्यार्थी, सगळेच भिया, आणि त्या हाकेत माया असते. तो जवळ आला आणि म्हणाला की त्याचा धाकटा भाऊ वसईत बांधकामावर आहे. मग त्याने विचारले, “बाबूजी, वहाँ उसका कोई अपना है क्या?”

या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. आमच्या स्नेह्यांनी पेढीच्या एका चिठ्ठीमागे भावाचा फोन क्रमांक लिहून घेतला आणि ती चिठ्ठी आमच्या हाती दिली.

तोच शब्द आपल्याकडे कसा उच्चारला जातो हे वाचकांस सांगावयास नको. बांधकामावरचा, भाजीच्या वाडीतला, रिक्षाचा, दुधाचा, प्रत्येक परका माणूस आपल्या लेखी ‘भय्या’ असतो; पण त्या उच्चारात माणूस जवळ येत नाही, तो दारापाशीच थोपविला जातो. परक्यांच्या लोंढ्यामुळे आपल्या जमिनी, पाणी आणि गावाची घडी यांवर ताण पडला आहे हे खोटे नाही, आणि त्याविषयी ग्रामस्थांनी रीतसर बोलावे हेही योग्यच. मात्र तो ताण बारा तास विटा वाहणाऱ्या मुलाने आणलेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

परतल्यावर पंधरवड्याने, धर्मग्रामातील दोन तरुणांस घेऊन आम्ही त्या भावाचा शोध घेतला. तो आपल्याच दोन गावांच्या मधोमध एका अर्धवट इमारतीत राहत होता. वय एकवीस-बावीस. दोन वर्षांत त्यास तीन जागा माहीत झाल्या होत्या: काम, वाण्याचे दुकान आणि रेल्वे स्थानक. समुद्र तेथून तासाभराच्या चालीवर, पण तो त्याने पाहिला नव्हता. नाव विचारले तेव्हा त्याने आधी मुकादमाचे नाव सांगितले. आपले नाव कोणी विचारील असे त्यास वाटले नसावे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर एक शेतकरी कुटुंब त्यास आपल्या टेंपोतून किल्ल्यावर घेऊन गेले. पडक्या चर्चमध्ये त्या घरच्या आजोबांनी त्यास चिमाजी अप्पांची आणि त्याच्या मुलखातील होळकरांची गोष्ट मोडक्या हिंदीत सांगितली. संध्याकाळी ते किनाऱ्यावर गेले. तेथून त्याने सियागंजात भावाला फोन लावला आणि काही न बोलता तो लाटांकडे धरला. जेवण त्या घरीच झाले. त्याच्या खोलीत आणखी चौघे राहतात. त्यांची गावे कोणती, हे आता त्या आजोबांनी विचारून ठेवावयाचे आहे.