चौथ्या पावसाळ्यानंतरची किंमत

कपाटाच्या काचेच्या फळीवर काळी राख पडलेली दिसली तेव्हा आधी वाटलं, उदबत्तीची असेल. पण त्या खोलीत उदबत्ती लागत नाही. राख होती एका बारा इंची सिनेनायकाच्या कोटाची. बत्तीस हजारांना घेतलेली फिगर चार पावसाळे आमच्या घरात उभी होती आणि कोपरापाशी, बगलेत तिचा चामडी कोट पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. चेहरा मात्र पहिल्या दिवसासारखा. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष एकट्या तिचा नव्हता. निम्मा दोष माझा होता आणि उरलेला आमच्या गावाचा.

गाव म्हणजे माले. पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की मुळशी धरणाच्या पाण्यालगत लागतं ते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत इथे धुकं खिडकीतून आत येतं, पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी धरते. या हवेत हजारो रुपयांच्या बाहुल्या जपायच्या तर त्यांची किंमत कशाकशाची बनते आणि त्यातलं काय टिकतं, हे समजून घेतलेलं बरं. दुकानातला विक्रेता यातलं पहिलं अर्धंच सांगतो.

सुरुवात मापापासून. महागड्या फिगर बहुधा वन-सिक्स्थ मापाच्या असतात, म्हणजे खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्शाच्या. सहा फुटी नट एका फुटाचा होतो. माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ साधारण बारा मिलिमीटरचं, म्हणजे फिगरवर ते दोन मिलिमीटरचं. त्याच्या आतली काळी बाहुली मिलिमीटरभरसुद्धा भरत नाही. नट ओळखू येतो की त्याचा दूरचा मावसभाऊ वाटतो, हे या दोन मिलिमीटरांत ठरतं. ताम्हिणी उतरून कोलाडमार्गे पेणला गेलात तर गणपतीच्या कारखान्यात हेच दिसेल. अंग रंगवणारे हात पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ठरलेला. त्याचा हात चुकला तर मूर्ती कितीही रेखीव असो, गिऱ्हाईक तिच्यापुढे थांबत नाही.

हाँगकाँगच्या हॉट टॉइज या कंपनीने आपलं नाव याच आखणीवर कमावलं. 2000 साली सुरू झालेली ही कंपनी चेहऱ्याचा नमुना घडवणाऱ्याचं आणि तो रंगवणाऱ्याचं नाव जाहिरातीत देते. जेसी हाँग या कोरियन रंगकाराचं नाव संग्राहक तर नटाच्या नावाइतक्याच आदराने घेतात. त्वचेचा रंग एकाच थरात लावत नाहीत. पातळ, अर्धपारदर्शक थर एकावर एक चढवतात, म्हणजे खालचा लालसरपणा वरून जाणवतो. काही फिगरमध्ये डोळे वेगळे बसवलेले असतात, डोक्याच्या आतून फिरवता येतात. सहा इंची स्वस्त फिगरच्या चेहऱ्यावर हेच काम सिलिकॉनचा शिक्का किंवा छपाईयंत्र करतं. छपाई आता फार सुधारली आहे, पण तिथे बुबुळ मिलिमीटरभराचं असतं. शिक्का केसभर सरकला तरी सुपरहीरो तिरळा होतो. म्हणून सहा इंची फिगर डबा उघडून, चेहरा पाहूनच घ्यावी. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावं.

किमतीचा दुसरा भाग साच्यात जातो. प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि असा साचा घडवायला भरपूर पैसा लागतो. समजा एका फिगरच्या सगळ्या साच्यांना चाळीस लाख रुपये लागले. एक लाख नग विकले तर नगामागे चाळीस रुपये पडतात. पाच हजारच विकले तर आठशे. साधारण पंचवीस डॉलरची सहा इंची फिगर आणि अडीचशे-तीनशे डॉलरची वन-सिक्स्थ यांच्यातलं मोठं अंतर निव्वळ आकाराचं नाही. कमी नग, हातकाम, शिवलेले कपडे, तीस-तीस सांधे आणि वर स्टुडिओचा परवाना, असं ते मिळून झालेलं असतं. नटाच्या चेहऱ्याचा हक्क बऱ्याचदा वेगळा असतो. तो मिळाला नाही तर कंपनी मुखवट्यातली आवृत्ती काढून मोकळी होते.

खेळण्यातल्या सैनिकाला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणायला लागले ते 1964 मध्ये. हॅस्ब्रोने बारा इंची जी. आय. जो काढला आणि मुलगे ‘बाहुली’ हातात धरणार नाहीत म्हणून तिला नवं नाव दिलं. पुढे ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची फिगरनी हा माल घरोघरी नेला. आपल्याकडे तो आला फनस्कूलमुळे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 मध्ये ती कंपनी उभी केली आणि तिचा कारखाना गोव्यात. तिथल्या पावणेचार इंची जी. आय. जोचे रंग अमेरिकी मालापेक्षा इतके वेगळे निघत की आज परदेशातले संग्राहक ते शोधत फिरतात. त्या फिगरची रचना मला फार शहाणपणाची वाटते. कंबर आतल्या एका रबरी कडीवर ताणलेली असते. रबर काही वर्षांनी तुटतं, तुटणारच. पण पाठीचा स्क्रू काढून नवी कडी घातली की सैनिक पुन्हा उभा. खर्च काही रुपये. महागड्या फिगरचा सोललेला कोट असा बदलता येत नाही, आणि ही गोष्ट किमतीत कुठेच लिहिलेली नसते.

आता आपल्या देशातला हिशेब. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 च्या फेब्रुवारीत 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 वर. समजा रीतसर आयात झालेल्या फिगरची किंमत बंदरावर 25,000 रुपये लागली. शुल्क 17,500. झाले 42,500, त्यावर जीएसटी, त्यावर दुकानदाराचा नफा. त्या साडेसतरा हजारांत कोटाचा एक धागाही नाही. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठी परदेशी कारखान्याला भारतीय मानक ब्यूरोचा परवाना लागतो. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी हा नियम चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भारतात मोजके नग पाठवणाऱ्याला तो खटाटोप परवडत नाही आणि मधल्या पोकळीत नकली माल शिरतो. संग्राहक त्याला ‘केओ’ म्हणतात. हातात घेतला की हलका लागतो, सांधे लुळे असतात, डब्यावरची अक्षरं फुटलेली असतात. रंगात काय मिसळलंय ते कोणीच तपासलेलं नसतं. घरात लहान मूल असेल तर स्वस्त म्हणूनही घेऊ नये.

एक सापळा मात्र अस्सल मालातही असतो. फिगर जाहीर होते तेव्हा फोटो असतो हाताने रंगवलेल्या नमुन्याचा. आपण आगाऊ रक्कम भरतो आणि डबा येतो वर्षभराने, कधी त्याहूनही उशिरा. सिनेमा पडद्यावर येण्याआधी जाहीर झालेल्या फिगरचा वेश तर कधीकधी प्रत्यक्ष सिनेमातल्या वेशाशी जुळतच नाही, कारण कंपनीच्या हाती त्या वेळी फक्त कच्ची चित्रं असतात. म्हणून मी आता कारखान्यातून निघालेल्या नगाचे फोटो पाहिल्याशिवाय पैसे भरत नाही. ‘संपली तर?’ ही भीती वाटतेच. पण लोकप्रिय पात्राची सुधारित आवृत्ती बहुधा येते, आणि ती आली की जुनीचा भाव घसरतो. गुंतवणूक म्हणून फिगर घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की मुदत ठेव बरी.

आता कोटाकडे वळू. फिगरवरचं ‘चामडं’ म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. खरं चामडं एवढ्या लहान मापात जाड दिसतं, चुण्या मोठ्या पडतात, म्हणून हा थर. दिसतो फार सुंदर. पण हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतं. आधी तो चिकट होतो, मग तडकतो, मग सुटतो. घडी जिथे पडते तिथे आधी, म्हणजे कोपर, गुडघा, बगल. यात माझी चूक अशी, की मी नायकाला हात दुमडून ऐटीत उभा केला होता आणि चार वर्षं तसाच ठेवला होता. हीच फिगर कोरड्या हवेच्या गावात कदाचित दुप्पट टिकली असती. माल्यात नाही.

दुसरी चूक मी थोडक्यात टाळली. आईने कपड्यांच्या कपाटातल्यासारख्या डांबराच्या गोळ्या फिगरच्या कपाटात ठेवायला काढल्या होत्या. नॅप्थॅलीनची वाफ काही प्लास्टिकांना मऊ पाडते, रंग चिकट करते. गोळ्या परत साड्यांमध्ये गेल्या. त्यांच्या जागी सिलिका जेल आणलं, रंग बदलणाऱ्या दाण्यांचं. पाणी पिऊन रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात मला ते दर आठ-दहा दिवसांनी तापवावं लागतं. कपाट अगदी हवाबंद करणंही चुकीचं, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य पृष्ठभागावर येतं आणि बाहेर जायला वाट नसली तर फिगर चिकट होते. तशी झाली तर कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. पुण्यातल्या सदनिकेत राहणाऱ्यांनी याच्याइतकीच काळजी उन्हाची घ्यावी. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली पांढरी फिगर पिवळी पडते आणि एप्रिलच्या उष्म्यात मऊ पडलेल्या घोट्यांवर हळूहळू कलते. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग असलेल्या फिगरचं वजन जास्त, त्यामुळे तिच्या सांध्यांवरही भार जास्त.

या सगळ्यातून माझ्यापुरता निकाल असा निघाला. मुळशीच्या हवेत वन-सिक्स्थवर पैसे घालायचे तर चिलखतवाल्या पात्रांवर घालावेत: आयर्न मॅन, स्टॉर्मट्रूपर, यंत्रमानव. कठीण प्लास्टिक आणि रंग, दोन्ही पावसाला पुरून उरतात. सुती किंवा लोकरी वेशही चालतो, फक्त बुरशीवर नजर हवी. चामडी कोट, रबरी सूट असलेलं पात्र फारच आवडतं असेल तर त्याची सहा इंची आवृत्ती घ्यावी, जिच्यात वेश अंगातच ओतलेला असतो. चेहरा थोडा उणा निघेल, पण दहाव्या वर्षीही कोट अंगावर असेल. दगडाची पूड मिसळलेल्या रेझिनचे पुतळेही दमट हवेला दाद देत नाहीत, मात्र हातातून पडले की संपले.

ज्यांच्याकडे चामडी वेशातली फिगर आधीच आहे त्यांनी मे संपण्याआधी एवढं करावं: तिचे हातपाय सरळ करावेत, बगलेत आणि कोपराच्या आत बोट हलकेच फिरवून पाहावं. बोटाला चिकट लागलं तर तिला आता पुन्हा वाकवू नका.