सॉमरसेट हाउस
लंडनमधील जॉर्जियन काळातील (१७१४–१८३०) एक भव्य शासकीय वास्तू. कलाकेंद्रात झालेले तिचे रूपांतर हे ऐतिहासिक वास्तूच्या नवोपयोगाचे बोधप्रद उदाहरण होय.

सोळाव्या शतकातील राजवाड्याच्या जागी सर विल्यम चेंबर्स (१७२३–९६) या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १७७६ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. नौदलाच्या व करवसुलीच्या कचेऱ्या आणि रॉयल अकॅडमीसारख्या संस्था यांना एकत्र सामावून घेणे, हा तिचा मूळ हेतू होता. त्यामुळे मध्यवर्ती चौकाभोवती प्रत्येक कचेरीस स्वतंत्र प्रवेशद्वार, जिना व मजल्यांवर लहान खोल्या अशी तिची रचना झाली. दर्शनी भाग पोर्टलंड दगडात, नव-अभिजात शैलीत आहेत. दक्षिणेकडील कमानींना पूर्वी टेम्स नदीचे पाणी भिडत असे. १८७० मध्ये व्हिक्टोरिया तटबंध पूर्ण झाल्यावर नदी दूर गेली.

विसाव्या शतकात मधल्या चौकाचा वापर कर्मचाऱ्यांच्या मोटारी ठेवण्यासाठी होऊ लागला. १९९० मध्ये स्ट्रँड रस्त्याकडील भागात कोर्टोल्ड कलावीथी आली. १९९७ मध्ये वास्तूच्या व्यवस्थेसाठी न्यास स्थापन झाला आणि २००० मध्ये कारंजी बसवून चौक लोकांना खुला करण्यात आला. करखात्याच्या कचेऱ्या २०१३ मध्ये हलविण्यात आल्या. कचेऱ्यांसाठी बांधलेल्या लहान खोल्या कलावंतांच्या कार्यशाळांना व छोट्या व्यवसायांना सोयीच्या ठरल्या. तेथे मूळ विन्यास फारसा मोडावा लागला नाही.

कलावीथीचा प्रश्न अधिक अवघड होता. रॉयल अकॅडमीची वार्षिक प्रदर्शने भरत ते मोठे दालन वरून प्रकाश मिळावा म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर बांधले होते आणि तेथवर जाणारा वळणदार जिना चढणीचा होता. पुढे या दालनात आडभिंतीही उभ्या राहिल्या. २०१८ ते २०२१ दरम्यानच्या कामात त्या काढून दालनाचे मूळ प्रमाण परत आणले गेले, तळघरातील कमानदार खोल्या उपयोगात आणल्या गेल्या आणि पायऱ्या न चढता आत येता येईल असा मार्ग करण्यात आला. जुने जपण्यासाठी कधी नंतरची भर वगळावी लागते, तर वास्तू सर्वांना वापरता यावी म्हणून कधी नवी भर घालावी लागते, हे यावरून दिसते.

तथापि एकदा नूतनीकरण केल्याने वास्तू कायमची सुरक्षित होत नाही. १७ ऑगस्ट २०२४ रोजी पश्चिमेकडील भागाच्या छताला आग लागली, कलाकृती बचावल्या. नव्या उपयोगाबरोबर निरंतर देखभालीची जबाबदारीही स्वीकारावी लागते.