टायर मोठा, पण किती मोठा?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात एकाच गाडीला दोन तऱ्हेचे रस्ते लागतात. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग एकीकडे, तर शेताकडे वळलं की काळ्या मातीतली गाडीवाट. पावसाळ्यात चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट घासतं. मग टायर बदलताना बरेच जण म्हणतात, "या वेळी एक नंबर मोठा टाका." मी मोटार मेकॅनिकचं काम शिकवतो. माझं सांगणं एवढंच, की पैसे मोजण्याआधी टायर मोजा.

बोलेरोचं नेहमीचं माप 215/75 आर 15. यातले 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 हे मात्र मिलिमीटर नव्हेत. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, म्हणजे साधारण 161 मिलिमीटर. शेवटचे 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत; त्याचे 381 मिलिमीटर होतात. भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून ती दुप्पट करून रिममध्ये मिळवायची. पूर्ण चाकाची उंची येते 703 मिलिमीटर.

आता 235/75 आर 15 घेऊ. रिम तेच, आकडाही तोच 75, पण रुंदी वाढली तशी भिंतही वाढली. उंची झाली 733. चाक 30 मिलिमीटरने वाढलं, तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर.

या दीड सेंटिमीटरची किंमत काय? चाक सव्वाचार टक्क्यांनी वाढलं. मीटर तर चाकाचे फेरेच मोजतो. पूर्वी तो बरोबर दाखवत असेल, तर आता काटा 80 वर असताना गाडी 83 च्या वर धावते. मीटरवर 10,000 किलोमीटर झाले, तेव्हा प्रत्यक्षात 10,400 होऊन गेलेले असतात. ऑइल बदलायला तेवढा उशीर. "टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं" या तक्रारीतही थोडा वाटा मीटरचाच असतो. शिवाय मोठं चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. माणसं भरून तुळजापूरचा घाट चढता-उतरताना इंजिन आणि ब्रेक दोघांनाही ते जाणवतं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासला, तर तो कापला जातो. हा धोका सगळ्यात वाईट.

याउलट स्विफ्ट पाहा. कमी किमतीच्या मॉडेलला 165/80 आर 14, महागाच्या मॉडेलला 185/65 आर 15. रिम एक इंच मोठं, पण भिंत बुटकी. हिशेब केला तर 620 आणि 621! कंपनीने माप बदललं, पण चाकाची उंची राखली. म्हणजे रिम मोठं झालं, तरी चाक मोठं झालंच असं नाही.

म्हणून उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा. निवडलेली रुंदी आपल्या रिमवर चालते का, ते विचारा. मापापुढचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, 100 म्हणजे 800 किलो. चारही टायर एकाच मापाचे घ्या आणि स्टेपनी विसरू नका. टायर बसवल्यावर गाडी भरून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताडून घ्या. एवढं केलंत, तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबायची वेळ येणार नाही.